नाताळच्या फोटोतली रिकामी खुर्ची

मी, शमुवेल ज्योतिबा रणभिसे, वय एकोणसाठ, मिशन शाळेचा निवृत्त शिक्षक, राहणार कराड, हे पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाला न भिता लिहितो. दडपण समोरच्या कोपऱ्यावर विडी ओढत उभे आहे. यातला एकही शब्द त्याचा नाही.

राहते घर व मागचे परस पत्नी रंगुबाई हिला. पुस्तके तासगावच्या वाचनालयाला. तिथल्या चिटणीसांनी माझे व्याख्यान मध्येच थांबवले होते. त्यांनी ती आधी वाचावीत, मग वाद घालावा.

तिपाईवरचा कॅमेरा मुलगी उमा हिला. दर नाताळाला त्यावर आमच्या घरच्या सगळ्यांचा फोटो निघतो, कार्डावर चिकटतो आणि नातलगांना, स्नेह्यांना, मतभेद असलेल्यांनाही टपालाने जातो. रिवाज एकच: त्या दिवशी छपराखाली जो असेल, तो फोटोत उभा राहील.

या वेळी आटपाडीकडचा बिराप्पा छपराखाली होता. चळवळीत रेल्वेचे रूळ उखडल्याबद्दल त्याच्यावर वॉरंट आहे. हे मला ठाऊक होते. रंगुबाई आणि उमा यांना तो मेंढरे विकायला आलेला पाहुणा वाटला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "आवं गुर्जी, मला ऱ्हाऊ द्या की. ह्या तोंडाला लय गिऱ्हाइकं हायती."

मी म्हणालो, "मग सरळ बघ गड्या. गिऱ्हाइकांना माल नीट दिसू दे."

ज्या प्रभूला जन्मताना वाटसरूंच्या उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्या सणाला मी आश्रिताला दाराआड लपवणार नव्हतो. आसरा दिल्याचे आजही लपवणार नाही.

सोमवारी एक कार्ड परत आले. पाठवणाऱ्याचे नाव नाही. बिराप्पाच्या चेहऱ्याभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ. काल दुसरे आले. त्यात वर्तुळ माझ्या चेहऱ्याभोवती.

म्हणून स्पष्ट करतो: आसरा मी एकट्याने दिला. घरच्यांना त्रास देऊ नये. बिराप्पा आता कुठे आहे हे मी एकटा जाणतो. एवढी एकच मिळकत मी कोणाच्या नावे करीत नाही.

धाकटा भाऊ हरी फौजदार कचेरीत कारकून आहे. नुसत्या संशयावरून मी त्याला वगळत नाही. त्याला माझी दौत द्यावी. तीत काळी शाई आहे.

पुढच्या नाताळाला उमाने फोटो काढावाच. माझी खुर्ची रिकामी असली तरी हलवू नये. बिराप्पा आला तर त्याला तीत बसवावे, सरळ बघायला सांगावे. कार्डे यंदाच्याच सगळ्यांना जावीत. एकही नाव गाळू नये.

कराड, ता. ९ जानेवारी १९४३
सही: शमुवेल ज्योतिबा रणभिसे

साक्षीदार (यांनी माझी सही पाहिली, मजकूर पाहिलेला नाही, यांना विचारून काही मिळणार नाही):
१. दादासो कृष्णा थोरात, मलकापूर
२. आप्पासो भाऊ लोखंडे, कराड