चुऱ्यात सापडलेली गाठ

बाई, खटक्-खट, खटक्-खट. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना, होतं, आणि प्रार्थनेच्या आधीपासून तिथले धोटे इकडून तिकडे धावत असायचे. शेजारच्या वर्गातले गुरुजी त्यावर ओरडून शिकवायचे आणि दुपारपर्यंत त्यांचा घसा बसायचा. तुम्ही मात्र खिडकी लावून घेतली नाहीत. पहिल्याच दिवशी हातातला खडू त्या ठोक्यावर टेबलावर टेकवत नुसत्या उभ्या राहिलात आणि म्हणालात, "ऐका रे. तुमचे बाप भिंतीपलीकडे ताल धरतायत. आपण फक्त शब्द घालायचे." आम्ही सगळी खानदेशातून सुरतेला आलेल्या कामगारांची पोरं. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि पुस्तकातली मराठी पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरीसारखी, तिच्यावर बसायचीच भीती. त्या दिवशी आम्ही तिच्यावर धाडकन बसलो. अजूनही कुठे लूम चालू असला की माझे ओठ आपोआप हलतात, आणि लिंबायतच्या रिक्षात शेजारी बसलेली माणसं जरा सरकून बसतात.

पण हे सगळं मी तुम्हाला गोड लागावं म्हणून आधी लिहितो आहे. तुमची वही हरवली, बाई. कशी हरवली ते सांगतो, पण आधी कुठे सापडली ते सांगू द्या. त्याला तीन दिवस झाले.

तुम्हाला ती वही आठवत असेलच. दर शनिवारी वर्गातल्या कुणीतरी जुळवलेली एखादी बरी ओळ तुम्ही जांभळ्या शाईने, तुमच्या त्या उभ्या अक्षरात लिहायच्या. खाली नाव नाही, फक्त इयत्ता. मी एकदा रुसून विचारलं होतं, माझं नाव का नाही? तुम्ही म्हणालात, "ओळ झाली की ती सगळ्यांची. तू पुढची जुळव." माझी ओळ होती: 'धोटा जातो, धोटा येतो, बाप माझा तिथेच राहतो.' सातवीनंतर मीही तिथेच राहिलो, बापाच्या शेजारच्या लूमवर. कितीतरी वर्षांनी तुम्ही खात्याच्या दारात आलात, कापडी पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिलीत आणि काहीतरी म्हणालात. चाळीस लूम चालू होते. मला एक शब्द ऐकू आला नाही. मी मान हलवली. तुम्ही हसून गेलात, आणि त्याच थंडीत तुमच्या जाण्याची बातमी आली. कशाला मान हलवली, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढे वहीच्या कडांना कसर लागली. कागद भुगा व्हायला लागला तेव्हा मी घाबरलो. मला आयुष्यभर कापडच कळलं, कागद कळला नाही. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन शिलाई उसवली आणि एकेका पानावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून घेतलं. दुकानदार म्हणाला, "काका, अब सौ साल कुछ नहीं होगा." मी खूश झालो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि सगळी पानं एका लोखंडी कडीत ओवून पत्र्याच्या पेटीत ठेवली.

या वर्षी मुलाने भेस्तानला फ्लॅट घेतला. लिंबायतची खोली रिकामी करताना ठेवायचं एकीकडे आणि टाकायचं एकीकडे, असे दोन ढीग लागले. टाकायच्या ढिगाची पोती कचऱ्याच्या गाडीत गेली. नव्या घरी पेटी उघडली तर आत नुसती कडी. मी मुलाला न सांगता माग काढत निघालो. गाडीवाला म्हणाला, सुका कचरा निवडायच्या प्लांटवर जातो. प्लांटवर पट्ट्यासमोर उभ्या असलेल्या एका बाईने माझं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाली, "काका, कागळ होत तो मिलमां जात. पण आ प्लास्टिक चोंटेलो कागळ कोई नथी लेतुं. ए तो रिजेक्ट." साधा कागद मिलमध्ये जाऊन पुन्हा कागद होतो. पण प्लास्टिक चिकटलेला कागद ना कागदवाल्याला चालतो, ना प्लास्टिकवाल्याला. मी जपली नसती, तर तुमची वही आज कुण्या पोराची वही झाली असती. हे ती म्हणाली नाही. हे मी तिथल्या पायरीवर बसून म्हणालो, माझं मलाच.

रिजेक्टचं काय करतात, विचारलं. म्हणाली, दळून कचरा डेपोवर पाठवतात. कशाला? तिने हाताने पांघरूण ओढल्यासारखं करून दाखवलं.

शहराबाहेरच्या त्या डेपोवर माझ्या जुन्या लूमच्या सोबत्याचा मुलगा डोझर चालवतो, म्हणून तर मला आत जाता आलं. तोही आता पन्नाशीचा आहे. वहीचं त्याला फोनवर सांगितलं होतं. मला पाहून वरूनच ओरडला, "काका, लोकं आठे सोनं हुडकाले येतस, तुम्ही कविता हुडकाले उनात?" मग मशीन बंद करून खाली उतरला, मला स्वतःच्या डब्याच्या पिशवीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. दिवसभर शहराचा कचरा येतो, तो दाबून बसवायचा आणि संध्याकाळी त्याच्यावर वीतभर थर पसरायचा. उघडा ठेवला तर वास, माश्या, कुत्री, एखादी ठिणगी पडली तर आग. पूर्वी मातीच टाकायचे. "पण रोज इतली माटी कोठून लयवो? जमीन खोदीसन कचरा झाकवानी, मंग ती जमीन कोन झाकई?" म्हणून आता प्लांटवरचा दळलेला चुरा. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून टँकरने पाणी. दुसऱ्या सकाळी त्याच्यावर नवा कचरा, संध्याकाळी पुन्हा चुरा.

मी ऐकतो आहे आणि मला, मूर्खाला, आमच्या आईची गोधडी आठवते आहे. जुन्या लुगड्यांचे थर, वर धावदोरा. मी म्हणालो, "म्हणजे रोज संध्याकाळी तू शहराला पांघरूण घालतोस." तो पान थुंकून म्हणाला, "काका, तुम्ही खाले उतराले ऱ्हायनात का, मी गाडी फिरावस." मी उठून खाली चुऱ्यात उतरलो.

ऊन कलंडलं होतं. उतारावर बगळे रांगेने उभे होते. चुरा करडा होता, ओलसर, पायाखाली मऊ. साड्यांचे धागे, थर्माकोल, जरीचा कण इथे-तिथे चमकणारा, सगळी सुरत बारीक वाटून पसरलेली. आणि त्या करड्यावर एके ठिकाणी काहीतरी खूप चमकलं. मी वाकलो. नखाएवढे, बोटाएवढे प्लास्टिकचे तुकडे, आणि आत, बाई, जांभळी शाई. तुमचं उभं अक्षर. 'आईच्या हा'. पुढे काही नाही. 'इयत्ता ५'. 'पाखरू म्हण'. शाई पुसलेली नाही, फुटलेली नाही, काल लिहिल्यासारखी. दुकानदार खोटं बोलला नव्हता. शंभर वर्षं काही होणार नाही. त्याच्यावर उद्या कचरा पडेल, परवा चुरा, आणि खाली काळोखात 'पाखरू म्हण' तसंच राहील. मला वाटलं होतं वही नाहीशी झाली असेल, आणि त्याची मी तयारी करून आलो होतो. ती अशी समोर हजार डोळे उघडून पडलेली असेल, याची तयारी नव्हती. सोबत्याचा मुलगा गुडघ्यावर बसला आणि माझ्याबरोबर वेचायला लागला. मागून टँकरवाला हॉर्न देत होता. माझी स्वतःची ओळ मी पुष्कळ शोधली. सापडली नाही.

शेवटी त्याने एक गड्डी उचलली. दळणाऱ्या पात्याखालून निसटलेले सात-आठ पानांचे कोपरे, एकावर एक, भोकांतून ओवलेले. "काका, हाई तर बांधेल शे," तो म्हणाला. कडीत नव्हे. साडीच्या काठाच्या कतरणीने, कापलेल्या बारीक पट्टीने, बांधलेले. आणि कतरणीला गाठ.

इथे मी पेन खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन आलो. खिडकीतून भेस्तानचं आकाश कसं दिसतं ते लिहिणार होतो. पण तुमचा आवाज आला. आठवतं? मी निबंध लिहून आणला नव्हता आणि त्याची सबब यमकात सांगितली होती. दिवा, हवा, उंदीर, असं काहीतरी. सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात. मग छडी न उचलता, अगदी हळू म्हणालात, "छान जुळवलंस. आता खरं सांग."

सांगतो. वही पेटीत नाही म्हटल्यावर मी सुनेला धरलं. पोती तिने भरली होती. शेजारी, हमाल, सगळे उभे होते. ती म्हणाली, "मी हात बी नही लावा, आबा." ती इथेच जन्मली, गुजराती शाळेत शिकली. मी म्हणालो, "तुला मराठी वाचता तरी येतं का? तुला ती लाइटबिलंच वाटणार." आणि हे मी घरातल्या अहिराणीत नाही बोललो, बाई. तुमच्या मराठीत बोललो. शुद्ध, एकेक अक्षर सुटं. ज्या भाषेवर तुम्ही आम्हाला बसायला शिकवलं, तिच्यावरून मी तिला उठवलं. ती रडली नाही. तिने नव्या स्वयंपाकघरात डबे लावले, गॅस जोडून घेतला, दोन दिवस मला वेळेवर ताट दिलं आणि तिसऱ्या दिवशी भावाकडे नंदुरबारला निघून गेली. मुलगा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो आणि बाहेरचा डबा दोघांत उघडतो.

आणि ती गाठ? तुटलेला धागा सांधायची लूमवाल्याची गाठ ती. एका हाताने घालायची, अंगठ्याने दाबायची, टोकं दाताने तोडायची. आमच्या घरात ती फक्त मला येते. मुलाला मी मुद्दामच शिकवली नाही, त्याने लूमवर जाऊ नये म्हणून. कतरणीच्या टोकांवर दातांची खूण होती. तिथे, त्या मऊ चुऱ्यात उभ्या-उभ्या, मला सगळं आठवलं. खोली सोडायच्या दुपारी मी पेटी उघडून बसलो होतो. कडी गंजली होती, पानांना तिचा डाग लागेल म्हणून काढली, कतरण ओवली, गाठ मारली. मग एकेक ओळ म्हणत बसलो, आणि शाळेच्या भिंतीपलीकडचा तो लूम ऐकत होतो, जो बंद पडून कितीतरी वर्षं झाली. खालून टेम्पोवाल्याने हाक मारली. हातातलं होतं ते मी ठेवलं. कोणत्या ढिगावर, ते पाहिलं नाही.

घरी आल्यावर माझ्या चपलांची धूळ पाहून मुलाने ओळखलं आणि विचारलं, "सापडली का?" मी म्हणालो, "नाही." ती गाठ माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. तीन दिवस मी चष्मा काढताना ती पाहतो, घालताना पाहतो. नंदुरबारचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे. त्याऐवजी मी तुम्हाला लिहितो आहे, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.

बेल वाजली. दुपारचे चार. मुलगा आठच्या आत येत नाही, आणि या इमारतीत मला ओळखणारं कुणी नाही. जाळीच्या दारापलीकडे पिशव्या दिसताहेत, पुढे कोंबलेली मेथी. आणि सुनेचा आवाज, काही घडलंच नसल्यासारखा: "आबा, दार उघाडा. मना हात भरेल शेतस."

बाई, मी तिला बोलावलं नव्हतं. मनात काही जुळवायलाही वेळ नाही. डबीतून गाठ काढून मुठीत घेतली आहे. दाराची कडी दुसऱ्या हाताने काढतो.