पैशांबरोबर गेलेलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. गोडदेव.

दुपारी फोनवर कायद्याचा सल्ला देणाऱ्या त्या वकीलबाईंचं लाइव्ह बघत होते. पैसे पाठवले की त्या आपला प्रश्न वाचतात. मी कमेंटमध्ये 'अबोली' असं खोटं नाव टाकलं आणि विचारलं, नवरा हात उचलतो, घर सोडलं तर पोरगी माझ्याकडे राहील का? एवढी काळजी घेतली, पण पैसे तर माझ्याच खात्यातून गेले ना!

बाईंनी प्रश्न वाचला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "थँक्यू, सुवर्णा महेश पालांडे." बँकेत आहे तसं पूर्ण नाव. मध्ये महेश. नुसतं सुवर्णा म्हणाल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? लगेच खाली कोणीतरी लिहिलं, "ये तो अपनी बिल्डिंगवाली भाभी है ना?" मी फोनच बंद केला.

महेश मघाशी आला. चपला काढल्या, रोजच्यासारखा टीव्ही लावला. म्हणजे कळलं नसेल? लग्न झाल्यापासून त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. नुसतं 'ए' म्हणतो.

आत्ता बाहेरच्या खोलीतून त्याची हाक आली.

"सुवर्णा महेश पालांडे, चहा आण."