लागत नाही, पण जातही नाही

आई, तुझ्या हातांबद्दल लिहायला बसले की दोन ओळींनंतर उठते, घरभर फिरते, परत येते. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. बाबा दिवसभर घरी, आणि तू दादरला एका घरी पोळ्या करायला जायला लागलीस. त्याच सुमारास तुझ्या हातांवर लाल चट्टे आले, वर चंदेरी पापुद्रे. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून नका येऊ. घरात लहान मूल आहे." त्या दिवसापासून तू माझी वेणी घालणं बंद केलंस. केस मोकळे सोडून शाळेत गेले म्हणून मी ओरडा खाल्ला, तरी तू कंगव्याला हात लावेनास.

मग एक दिवस मला घेऊन परळच्या इस्पितळात गेलीस. डॉक्टर तुझे हात उलटसुलट करून बघतायत आणि तू मला, तुझ्या लेकीला, पुढे करून विचारतेस, "ह्या माज्या चेडवाक लागात काय ओ?"

"नाही. सोरायसिस लागत नाही."

"तिच्याकडे बघून सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. "पण बाई, जातही नाही हा. आटोक्यात ठेवायचा." ते तू ऐकलंच नाहीस. बाहेरच्या बाकावर मला पुढ्यात बसवून घट्ट वेणी घातलीस. पापुद्रे माझ्या गणवेशावर पडत होते, तू ते झटकत होतीस आणि हसत होतीस.

मी मात्र ऐकलं होतं. अजून त्याच्याच मागे आहे, आता प्रयोगशाळेत. पेशीतलं जनुक सूज आणणारं प्रथिन बनवायचा निरोप धाडतं. आम्ही बनवलेला इवलासा रेणू तो निरोप वाटेतच फाडतो. जनुक जागच्या जागी राहतं, त्याची वाचा तेवढी बंद. उंदरांच्या कातडीवरची लाली उतरलीय. माणसाच्या जाड कातडीतून रेणू आत नेताना मात्र अडतंय, आणि माणसांवरच्या चाचण्या अजून लांब आहेत. प्रयोगशाळेत नव्या पोरांना मीच बजावते, सिद्ध झाल्याशिवाय कुणाच्याही अंगाला लावायचं नाही. ती माना डोलावतात आणि मला तिथं उभं राहवत नाही.

कारण तू असतीस ना आई, तर तुझ्या हातांना लावायला मी थांबले नसते. हे कुणाला दाखवण्यासारखं नाही, म्हणून तुलाच लिहिलं.