चौदा सापांची मोजणी

३ मार्च

आला कायदा! एक एप्रिलपासून साप पाळायचा तर परवाना, घराची तपासणी, आणि पैदास साफ बंद. का, तर कुण्या हौशी माणसाचा आठ फुटी अजगर शाळेच्या मैदानात निघाला. डबा त्याचा उघडा राहिला आणि शिक्षा मला! अकरा वर्षं मागच्या खोलीत चौदा कॉर्न स्नेक सांभाळतेय. बिनविषारी, अंगठ्याएवढे जाड. एकही कधी त्या खोलीबाहेर गेला नाही. एकही!

५ मार्च

खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी सह्यांचा कागद फिरवलाय – इमारतीत साप नकोत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सह्या घ्यायची खोड काही जात नाही. जिन्यातच गाठलं.

"काका, एकदा आत येऊन बघा तरी."

"नको गं, मला नुसत्या नावानं घाम फुटतो."

"मग न बघताच सही?"

"भीती काय बघून वाटते होय?"

भित्रा माणूस! चार जणांना तसं सांगितलंही मी.

९ मार्च

त्या कागदावर ताईची सही. पलीकडच्या जिन्यातली, माझी सख्खी बहीण! "अगं, सगळेच करत होते..." फोन आपटला.

१४ मार्च

चष्म्याच्या दुकानातून अर्धी रजा टाकून परवाना कचेरीत. साहेबांना सांगितलं – माझ्या केशरनं फेब्रुवारीत सोळा अंडी घातलीत, उबवणीच्या डब्यात आहेत, एप्रिलच्या सुरुवातीला फुटतील.

"म्हणजे एक तारखेनंतर. म्हणजे पैदास."

"घातली तेव्हा कायदा कुठे होता?"

"फुटतील तेव्हा असेल ना! फ्रीझरमध्ये ठेवून द्या. त्यांना काही त्रास होत नाही."

"कुणी सांगितलं तुम्हाला? अंड्यांनी?"

रांग हसली. साहेब नाही हसले. शेरा मारला – तपासणीनंतर निर्णय.

घरी येऊन अंड्याला टॉर्च लावला. आत लाल शिरा, आणि मधोमध काहीतरी हळूच वळतंय. हे फ्रीझरमध्ये? मटारांशेजारी?

१५ मार्च

नाही ठेवणार. काय करायचं ते करा!

२० मार्च

वर्तमानपत्रात माझं पत्र छापून आलं. 'अकरा वर्षांत एकही नाही' हे वाक्य जसंच्या तसं! त्याखाली लाल रेघ मारून अंक काकांच्या दाराखालून आत सरकवला. गार वाटलं. नवरा म्हणतो, "सापांवर कधी आवाज चढवत नाहीस. माणूस दिसला की फणा काढतेस." दिवसभर बोलले नाही त्याच्याशी.

२६ मार्च

तपासणीच्या बाई आल्या. एकेक डबा बघत, वहीत खुणा करत गेल्या.

"तेरा."

"चौदा!" मी म्हटलं.

"मग तुम्हीच मोजा."

मोजले. केशरच्या डब्याची कडी लागलेलीच नव्हती. आत पाण्याची वाटी आणि टाकलेली कात. ती कडी मी लावते. दुसरं कुणी हातसुद्धा लावत नाही.

बाईंनी लिहिलं – एक बेपत्ता. "आठ दिवस देते. सापडला तर कुठे सापडला ते कळवा. नाहीतर सगळेच न्यावे लागतील."

पलंग, कपाटं, मोरी – सगळं उपसलं. नवरा म्हणाला, "इमारतीत सांगायला हवं." कुठल्या तोंडानं सांगू?

२८ मार्च

नाही सांगितलं.

३० मार्च

सकाळी बेल. दारात बँकवाले काका. हात लांब धरलेला, हातात गाठ मारलेला उशीचा अभ्रा. शर्ट घामानं चिंब.

"आमच्या वॉशिंग मशीनमागे होता. चार दिवस झाले. कुणाला बोललो नाही – कुणीतरी काठी घेऊन आलं असतं."

"चार दिवस!"

"धीर गोळा करत होतो गं. सही मात्र मागे घेणार नाही हं."

अभ्रा घेतला. केशर धडधाकट होती.  आत या, एवढंही म्हटलं नाही मी.

३१ मार्च

बाईंना फोन करून सांगितलं. सापडली – आणि कुठे, तेही. खोटं सांगता आलं असतं. आपल्याच घरात सापडली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग परवाना नाही देता येणार. सर्पोद्यानाची गाडी पाठवते. अंडी तिथेच फुटू देतील, तेवढं मी बघते."

२ एप्रिल

गाडी आली. काकांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं, चौदाही डबे उतरेपर्यंत. तोंड भिंतीकडे करून.