शेवटच्या वाडीपासून

अलिबाग, १२ नोव्हेंबर १९६३

आये,

तू गेल्यापासून पंधरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागतो. तुला वाचता येत नाही, ही सबब तू होतीस तेव्हाही मी वापरत असे.

सरकारने आपल्या गावात बर्फाचा कारखाना काढला, होड्यांना इंजिनं दिली. त्याने लोकांचं आणि बाजाराचं काय झालं, याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. दुसरा कारखाना मंजूर व्हायचा की नाही, ते त्यावरून ठरेल. महिनाभर मी बंदरावर उभा राहून विचारपूस केली. जे पाहिलं ते खरोखर चांगलं आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून ताजी मासळी माडांच्या खतात घालायचे दिवस गेले. आता ती बर्फात बसून लाँचने मुंबईला जाते. आपला दादा अजून होडीवर जातो; तो सगळ्यांदेखत म्हणाला, "लिव, म्हावरं आता सडत न्हाय. का सायेब झालास तं नाकाला वासबी येत न्हाय तुझ्या?" सगळे हसले. मीही हसलो, आणि तसंच लिहिलं.

परवा तो मजकूर पुन्हा वाचताना एका वाक्याशी अडलो. बोंबील वाळवायच्या दोऱ्या रिकाम्या दिसल्या, हे मी प्रगतीची खूण म्हणून नोंदवलं होतं. तिथे तुझी टोपली आठवली.

मी आठ-नऊ वर्षांचा आहे. सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन तू डोंगराकडच्या वाड्यांना निघाली आहेस, आणि वाटेतली सगळी घरं सोडून थेट शेवटच्या वाडीला चालली आहेस. विक्रीला सुरुवात तिथून, मग घरोघर थांबत परत, ही तुझी रीत. मी कुरकुरतो, जवळची घरं आधी घे ना, ओझं तरी हलकं होईल. तू मान न वळवता म्हणतेस, "आन् लांबच्यांनी काय रं, रिकाम्या टोपलीचा वास घ्यावा?"

काल मी त्या वाटेने गेलो. हातात फक्त वही होती, तरी चढावर दोनदा बसलो. तिथून समुद्र म्हणजे निळी बारीक रेघ. त्या रेघेपासून इथपर्यंत तू अनवाणी येत होतीस, भरल्या टोपलीनिशी, वर्षानुवर्षं. योजनेचा परिणाम कसा तपासावा, हे मी कॉलेजात पुस्तकांतून शिकलो. माल जिथे सगळ्यांत शेवटी पोचतो तिथे आधी जावं, हे त्यांतल्या एकाही पानावर वाचल्याचं आठवत नाही.

शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. कुणाचा मुलगा ते सांगितल्यावर तिने माझा हातच धरला. "तुझ्या आयची टोपली मीच उतरून घ्यायची. आता कोन येतंय? पावसाळाभर भात आन् मीठ. म्हावरं मुंबैला ग्येलं म्हनं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, एखादी शेजारीण गाव सोडून गेल्याचं सांगावं, तसं सांगत होती.

तुझ्या मायेपोटी मी एका म्हातारीचं बोलणं मोठं करतो आहे का, अशी शंका आली. म्हणून आणखी दोन वाड्या फिरलो. तिथेही सुकी मासळी येईनाशी झाली आहे.

कारखाना नको, असं मी लिहिणार नाही. दादा म्हणतो ते खरं आहे. पण वाड्यांपर्यंत सुकी मासळी पोचवायची सोय आधी व्हावी, मगच दुसरा कारखाना, असं लिहिलं आहे. दादा काही दिवस माझ्याशी बोलणार नाही. तू असतीस तर कुणाची बाजू घेतली असतीस, मला सांगता येत नाही.

साहेब विचारतील, हे कुठून काढलंत? त्या जागी मी "स्थानिक चौकशीवरून" एवढंच लिहिलं. टोपलीतून मासळी विकणाऱ्या आईकडून, असं लिहायला हात धजला नाही. हे पत्रही वहीतच राहील.

उद्या: अहवाल देण्यापूर्वी त्यात शेवटी असलेलं वाड्यांचं पान काढून पहिलं लावणे.