बेसचं बटण

२५ मार्च १९६२, रविवार. कळंब.

आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचावं म्हणून नाही. पुढं मंडळाचा इतिहास लिहायची वेळ आली तर माझ्याजवळ पुरावा असावा, एवढंच.

आज भजनी मंडळाच्या बैठकीत वनमालाबाई म्हणाल्या, येरमाळ्याच्या जत्रेत आपला कार्यक्रम ठरलाय, तर यंदा तंबोरा राहू द्या. पेटी आहेच. तंबोरा ऐकू तरी कुणाला येतो? त्या मंडळाच्या प्रमुख. त्यांनी वरचा सूर लावला की गल्लीतली कुत्री उठून बसतात. बाकीच्या बायका चटईच्या काड्या मोडत राहिल्या. एकीनंही म्हटलं नाही की आम्हाला येतो.

मंडळ निघालं तेव्हापासून तंबोरा मी धरलाय. माझा गळा जाड. लहानपणी वडील म्हणायचे, पोरगी घागरीत तोंड घालून बोलते. गायला कुणी बसवलं नाही, म्हणून तारा धरल्या. आता त्याही सोडायच्या?

सांगून टाकलं, जत्रेत माझा खर्ज ऐकू आला नाही तर तंबोरा मीच खुंटीला टांगीन. वनमालाबाई लगेच म्हणाल्या, ठरलं मग.

थोडा विचार करायला हवा होता. त्यांनी.

२७ मार्च.

शंकरप्पा हैदराबादेहून आला. माझा धाकटा भाऊ, तिकडं हॉटेलात हिशेबनीस. त्याच्या हॉटेलात साहेबी बँड असतो. त्यात बेस गिटार नावाचं वाद्य. त्याचा आवाज कानाला नाही, पोटाला ऐकू येतो म्हणे. ते विजेच्या अँप्लिफायरला जोडतात, बटणं पिळून टोन लावतात. पायाशी पायडल असतं, दाबलं की आवाज फुगतो.

म्हणजे खर्जच की. आपल्याकडं पूर्वीपासून आहे. फक्त पायडल नव्हतं.

३० मार्च.

लाउडस्पीकरवाल्या कोंडीरामकडं गेले. जत्रेत त्याचाच कर्णा आहे. अँप्लिफायरवर इंग्रजीत बेस आणि ट्रेबल अशी दोन बटणं. मी विचारलं, ह्या बेसनं काय होतं? तो म्हणाला, बाई, नावातच हाय की. ह्ये पिळलं का बेस होतंय. आणि ट्रेबलनं? ते म्या कधी हात लावला न्हाय, नावच वंगाळ हाय.

माणूस जाणकार आहे. प्रॅक्टिससाठी बॅटरीसकट पेटारा घरी पाठवतो म्हणाला.

१ एप्रिल, रविवार.

बेस पूर्ण. ट्रेबल शून्य. माईक तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकवून बांधला. तार छेडल्यावर शेजारच्या कमलबाई विचारायला आल्या, म्हैस कधी घेतली?

यांना विचारलं, कसं वाटतं? हे जेवत होते. म्हणाले, बेस आहे. मला भरून आलं. इतक्या वर्षांत यांनी माझ्या वाजवण्यातली बारकाई पहिल्यांदाच ओळखली. मग म्हणाले, अजून थोडं पिठलं वाढ.

३ एप्रिल.

बेस अर्धा. ट्रेबल पाव. डास.

४ एप्रिल.

आवाजाला घुमारा हवा. रांजण रिकामा करून माईक त्याच्या तोंडात सोडला, तंबोरा वर आडवा धरला. टोन देवळाच्या गाभाऱ्यासारखा आला. सुनेनं विचारलं, प्यायचं पाणी कुठं भरू? मोठ्या कामात असे प्रश्न येतातच.

८ एप्रिल, रविवार.

पायडल झालं. शिलाई मशीनच्या पायडलाला सुतळी बांधली, दुसरं टोक बेसच्या बटणाला. पाय दाबला की आवाज फुगतो. पाय उचलला की बटण परत येत नाही. तेव्हा एकदाच फुगवायचा. हीच माझी शैली.

१२ एप्रिल.

सुनेचं पोलकं अर्धवट शिवून पडलंय. तिनं माझ्याशी बोलणं सोडलंय. कलेला किंमत मोजावी लागते.

१५ एप्रिल, रविवार.

मंडळाची शेवटची तालीम. वनमालाबाईंनी ट्रेबल पूर्ण पिळला. मी शून्यावर आणला. त्यांनी पिळला. बटण हातात आलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तोडलं. तोडलं असेल, पण ट्रेबलचंच.

तालमीत खर्ज ऐकू आला नाही, असं सगळ्यांचं मत. खोली लहान आहे.

२१ एप्रिल, शनिवार. येरमाळा.

काल पुनव झाली. आज देवीच्या चुन्याचे खडे वेचायला ही गर्दी. एसटीत कंडक्टर तंबोरा टपावर टाकू म्हणाला. मी मांडीवर घेतला, रांजण यांनी. मशीन सुनेनं आणू दिलं नाही, तेव्हा पायडल नव्हतं. त्याचं दुःख नाही, कारण

जिंकले.

पहिला अभंग सुरू झाला आणि खर्ज लागला. असा भरीव, अखंड, की मांडवाचे बांबू थरथरत होते. कानाला नाही, पोटाला. शंकरप्पा खोटं बोलला नव्हता. वनमालाबाईंनी वळून पाहिलं. पाहू दे.

तिसऱ्या अभंगात माझी खर्जाची तार तुटली. तरी सूर हलला नाही. रांजणात साठलेला घुमारा असा टिकतो, हे मला नवीनच कळलं. मी हात फिरवत राहिले. कार्यक्रम संपला, तंबोरा गवसणीत घातला, तरी घुमत होता. यालाच साधना म्हणतात.

पुढच्या रांगेत सत्यभामाबाई म्हणून शेतकरीण होती. जवळ येऊन म्हणाली, लई बेस झालं बाई. खेड्यातली अडाणी बाई, पण नेमका शब्द. ट्रेबल म्हणाली नाही.

वनमालाबाई आपणहून म्हणाल्या, खालचा सूर आज छान होता, आम्हाला आधार वाटला. इतकी वर्षं ह्या एका वाक्यासाठी बसले होते. डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं.

२२ एप्रिल, रविवार. येरमाळा.

सकाळी चहाच्या पालात बसले होते. शेजारी सत्यभामाबाई. चहावाल्याला म्हणाली, च्या लई बेस झालाय. मग भजी आली. तीही बेस. मग एसटीत जागा धरून ठेवली म्हणून जावयाला म्हणाली, बेस केलं.

माझा चहा बशीतच निवला.

तेवढ्यात माझा खर्ज सुरू झाला. तोच. भरीव, अखंड. तंबोरा माझ्या मांडीवर, गवसणीत, तार तुटलेली. उठून आवाजाच्या मागं गेले. मांडवाच्या पाठीमागं कोंडीराम तेलाच्या इंजिनाला हँडल मारून घाम पुसत होता. म्हणाला, इथं वीज न्हाय ना बाई, कालपासनं ह्येच्यावरच चाललंय. लई आवाज करतंय, पण करावं काय. मी विचारलं, आणि माझा माईक? तो म्हणाला, दोनच माईक होते. एक वनमालाबाईस्नी दिला, एक पेटीला. तुमची वायर रांजणात नुसतीच सोडलीवती. तुमास्नी वाईट वाटू नये म्हणून.

मंडळातल्या सगळ्या हळूहळू तिथं जमल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं होतं. वनमालाबाई मन लावून ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, शिवकांताबाई, पुढच्या वर्षी तंबोरा राहू द्या. इंजिनच जरा जवळ बांधू.

शब्द दिला होता. तंबोरा खुंटीला टांगायचा. टांगीन. घरी गेल्यावर रांजणही धुऊन, भरून ठेवायचा आहे. सुनेचं पोलकंही आहे.

दुपारच्या एसटीत हे शेजारी बसले. रांजण मांडीवर. तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, मला तुझी तार तुटलेली कळली होती.

मी विचारलं, कशी? म्हणाले, तेवढी ऐकायची सवय आहे.

ता. क. इंजिन पेटीच्या काळी एकला किंचित उतरलेलं होतं. हे मंडळात एकीलाही कळलं नाही. पुढच्या वर्षी ते सुरात लावायला कुणीतरी लागेलच.