माळ्यावरचा देवमासा

मनीषनगर, नागपूर
१९ डिसेंबर २०२४

प्रिय अंकुश,

सप्रेम जयभीम.

तुझा फोन बंद लागतोय म्हणून हे पत्र. मालवणच्या खोलीवर तू सध्या राहतोस की नाही, कळत नाही. म्हणून तुझ्या पर्यटकांच्या बोटीचे मालक धोंडबाकाका यांच्या पत्त्यावर पाठवते आहे. ते तुला शोधून देतील.

आम्ही सगळे बरे आहोत. अधिवेशन सुरू आहे, त्यामुळे चौकाचौकात पोलीस. भाजी आणायलाही मी गल्लीबोळातून जाते. रितिकाची सहामाही चांगली गेली. तुझ्या भाऊजींची बदली यंदा तरी टळली. बाबा कोराडीहून इकडेच राहायला आलेत. जेवण फार कमी झालंय त्यांचं. वयामुळे असेल.

नाही, वयामुळे नाही. पण ते पुढे लिहिते.

तुझ्या डब्याबद्दल लिहायचं आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवरून आल्यावर तू आमच्या माळ्यावर ठेवलास तो. "ताई, कोकमाचं आगळ आहे. ऋषिकेश नावाचा माणूस येईल रायपूरहून, त्याले देऊन देजो. उघडू नको, सांडेल." मी नाही उघडला. मला कशाला शंका येणार? तू येताना काही ना काही आणतोसच.

दिवाळीच्या सफाईत वास यायला लागला. आधी शेणासारखा, मग त्याच्या मागून गोडसर, अत्तराच्या दुकानात येतो तसा. रितिका म्हणाली, "आई, मामाचं आगळ सडलं वाटते." मी डबा आणखी एका पिशवीत गुंडाळला आणि आत ढकलून दिला.

मग या महिन्यात पेपरात बातमी आली. एका लॉजवर दोघं सापडले, देवमाशाची उलटी विकायला आलेले. फोटो होता, राखाडी, मेणाच्या ढेकळासारखा. परदेशात अत्तरासाठी तिला मोठी मागणी असते म्हणे. आपल्याकडे ती विकणं सोड, नुसती घरात ठेवणं हाच गुन्हा. तीन ते सात वर्षं कैद. मी पेपर घडी करून ठेवला, कुकर लावला. शिट्ट्या होत राहिल्या, मला गॅस बंद करायचं सुचलं नाही. मग स्टूल ओढलं आणि माळ्यावर हात घातला.

अंकुश, ते आगळ नव्हतं.

लगेच तुला फोन केला. आठवतं ना काय म्हणालास? "तू उघडला काहून?" घरात काय आहे हे मी विचारत होते आणि तू मलाच रागावलास. "ऋषिकेश येईल, देऊन टाक, विषय संपला." त्यानंतर तुझा फोन लागलाच नाही.

विषय कसा संपेल? तो माणूस आला तेव्हा मी ऑफिसात होते. रितिका घरात एकटी. तिनं साखळी लावून दार उघडलं, तर म्हणाला, "रितिका बेटा, मामा ने बोला है, डब्बा दे दो." तिचं नाव त्याला कोणी सांगितलं? तू सांगितलंस? पोरगी घाबरली, पण "आई आल्यावर या" म्हणून तिनं दार लावून घेतलं. मी आले तेव्हा तो आणि आणखी एक जण आमच्याच जिन्यात बसले होते. माझ्यासोबत वॉचमन दिसला म्हणून उठले. जाताना हसून म्हणाला, "कोई जल्दी नहीं दीदी, फिर आएंगे." तेव्हापासून रितिका बेल वाजली की मोरीत जाऊन बसते.

तुझे भाऊजी म्हणाले, "फुटाळा तलावात टाकून येतो. कोणाले कळते?" हे बाबांच्या कानावर गेलं. काय टाकायचं, म्हणून त्यांनी विचारलं आणि मला सगळं सांगावं लागलं.

ते म्हणाले, "ज्याच्यासाठी हा पोरगा रडला होता, तोच ना देवमासा?"

हो, देवमासाच. किनाऱ्याला लागलेलं ते पिल्लू आठवतं ना? तू आणि कोळीवाड्यातली माणसं दिवसभर ओल्या चादरी टाकत होतात त्याच्या अंगावर. भरतीला ते परत आत गेलं तेव्हा तू व्हिडिओ कॉल केला होतास, ओलाचिंब, रडत, हसत. बाबांनी विहारात सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. म्हणाले, माझा मुलगा कोराडीच्या वीजकेंद्रातली नोकरी सोडून समुद्रावर गेला, पण इतर बोटवाल्यांना ओरडतो म्हणे, "इंजिन बंद करा, डॉल्फिनसोबत पिल्लू आहे!" किती अभिमानानं सांगायचे.

सकाळी बाबा कपडे करून तयार. "वनखात्यात जाऊ. आपल्याले माणूस म्हणून उभं केलं ते कायद्यानं. त्याच्यापासून लपणारे आपण नाही."

तिथे मयुरा नावाच्या तरुण अधिकारी होत्या. त्यांनी तापवलेली सुई त्या ढेकळात घातली. ते डांबरासारखं पाघळलं आणि खोलीभर वास पसरला. मी विचारलं, मॅडम, समुद्रात तरंगत आलेली वस्तू, कुणी उचलली तर त्यात एवढा काय गुन्हा? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वाघाला कायद्यानं जे संरक्षण आहे तेच या देवमाशाला आहे. तुकडा वाहून आलेला आहे की पोट फाडून काढलेला, हे तुकड्याकडे पाहून सांगता येत नाही. आणि एकदा गिऱ्हाईक उभं राहिलं की तो आपोआप वाहून येण्याची वाट कोण पाहतो?"

मग त्यांनी पेन हातात घेतलं. "घरी कोणी ठेवला हा?"

इथे माझा हात अडतो आहे, अंकुश. पण तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

बाबा म्हणाले, "दारात ठेवून गेलं कोणीतरी. आमाले नाही माहीत, मॅडम."

आपले बाबा. कॉलनीत शेजाऱ्याच्या मुलासाठी खोटी साक्ष दिली नाही म्हणून ज्यांनी जन्माचं वैर घेतलं, ते. मान खाली घालून बोलत होते. मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर बाबा पुन्हा खोटं बोलले असते. मला ते बघवलं नाही.

मी म्हणाले, "माझ्या भावानं ठेवला." तुझं पूर्ण नाव सांगितलं. मालवणचा पत्ता सांगितला. सही केली.

ऑटोत बाबा रस्ताभर बाहेर बघत होते. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "मी बोललो होतो ना वं खोटं. तू काहून गप्प नाही राहिली?" तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत आणि ताटावर नुसते बसून उठतात.

ऋषिकेश पुन्हा आला तेव्हा वरच्या मजल्यावर साध्या कपड्यांत वनखात्याची माणसं होती. तो सापडला. त्यानं तुझं नाव घेतलंच, म्हणजे मी गप्प राहिले असते तरी... पण ही पळवाट मला नको. मी सांगितलं तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

आता वनखात्याचे लोक मालवणला येणार आहेत. मयुरा मॅडमना मी विचारलं, भावाला कळवू का? म्हणाल्या, "एवढंच कळवा, की स्वतः नागपूरला येऊन हजर हो आणि माल कोणाकडून आला ते सांग. कोर्ट त्याचा विचार करतं." विहारातल्या सिंधूताई वकील आहेत. त्यांनी केस घ्यायचं कबूल केलंय. सुटशीलच असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पळू नको, एवढंच म्हणते. पळालास तर त्या लोकांच्याच हातात राहशील, आणि त्यांना माझ्या मुलीचं नाव माहीत आहे.

एक गोष्ट कोर्टाला नाही, मला सांग. तो तुकडा तुला वाळूत सापडला, की कुणी कापताना तू तिथे उभा होतास? मला झोप लागत नाही ती शिक्षेच्या विचारानं नाही, या प्रश्नानं. उत्तर काहीही असलं तरी रेल्वे स्टेशनवर घ्यायला मीच येईन. पण खरं सांग.

हे लिहिताना बाबा दोनदा दारात येऊन गेले. आत्ता विचारलं, "कोणाले लिहून राहिली?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. तुला, म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "त्याले लिही, स्वेटर घालून ये म्हणा. इथं थंडी बहुत आहे."

तुझं नाव सांगणारी, आणि तुझी वाट पाहणारी,

ताई